तुम्ही विचारलंत म्हणून: देश सोडला, मग जर्सी कुणाची?

ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सरावाला येणाऱ्या मुलांचे पालक हमखास विचारतात: स्पर्धेला गेलेला खेळाडू तिकडेच राहिला, तर पुढच्या वर्षी तो त्या देशाकडून खेळतो का?

सहसा नाही. राहायची परवानगी, नागरिकत्व आणि खेळायची पात्रता या तीन वेगळ्या फायली आहेत, आणि अडते ती तिसरी.

बेलारूसची धावपटू क्रिस्त्सिना त्सिमानौस्काया हिचंच बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये संघाच्या अधिकाऱ्यांनी तिला न विचारता ४ बाय ४०० रिलेत टाकलं, कारण संघातल्या इतर मुलींच्या उत्तेजक चाचण्या पुरेशा झाल्या नव्हत्या. ती इन्स्टाग्रामवर उघड बोलली. १ ऑगस्ट २०२१ ला तिला सामान भरायला लावून हानेदा विमानतळावर नेलं. तिथे फोनवर भाषांतर करून तिने जपानी पोलिसांकडे मदत मागितली. पोलंडने मानवतावादी व्हिसा दिला आणि ४ तारखेला ती वॉर्सात पोचलीसुद्धा. नागरिकत्व २०२२ मध्ये. पोलंडकडून धावायची परवानगी मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये, आणि तीही मुदत कमी करून.

ऑलिंपिकचा नियम असा: जुन्या देशाकडून शेवटचं खेळल्यावर तीन वर्षं थांबा. मुदत कमी करायची तर दोन्ही देशांच्या ऑलिंपिक समित्या आणि खेळाचा महासंघ राजी हवेत. म्हणजे जिथून पळालात, त्यांचीच संमती मागायची! वेगाने धावणाऱ्याची तीन वर्षं म्हणजे अर्धी कारकीर्द.

टेनिसचं वेगळं. चेकोस्लोव्हाकियाच्या मार्टिना नवरातिलोव्हाने १९७५ च्या यूएस ओपनमध्ये उपांत्य फेरी हरल्यावर अमेरिकेत आश्रय मागितला. नागरिकत्व १९८१ ला मिळालं, पण तोवर ती खेळतच होती, कारण टेनिसच्या व्यावसायिक टूरवर खेळाडू स्वतःसाठी खेळतो, देश निवड करत नाही.

दुसरी वाट ऑलिंपिकच्या निर्वासित संघाची, म्हणजे देश सोडावा लागलेल्या खेळाडूंच्या संघाची. इराणची किमिया अलीझादेह, रिओतली तायक्वांदोची कांस्यविजेती, टोकियोत याच संघातून उतरली. पहिल्याच लढतीत समोर इराणचीच खेळाडू आली. तिला हरवून पुढे दोन वेळची ऑलिंपिक विजेती जेड जोन्सही तिने बाद केली. पॅरिसमध्ये बल्गेरियाकडून पुन्हा कांस्य.

कागदांची किरकिर कुणी सांगत नाही. जुना पासपोर्ट बऱ्याचदा संघाच्या मॅनेजरकडेच राहतो. निर्वासिताच्या प्रवासपत्रावर अनेक देशांना वेगळा व्हिसा लागतो आणि तो स्पर्धेच्या तारखेआधी येईलच असं नाही. शिवाय उत्तेजक चाचणीच्या यादीत नाव असेल, तर रात्रीचा मुक्काम कुठे आणि रोज कोणत्या एका तासात कुठे सापडाल, हे आधी कळवावं लागतं. आश्रयाच्या छावणीतून दुसरीकडे हलवलं की त्याच दिवशी पत्ता बदलायचा. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या तर दोन वर्षांपर्यंत बंदी, मग गोळी घेतलेली असो वा नसो.