वाटखर्च कोणाचा?

आज गाडी परत आउटर सिग्नलला अडकली. जळगाव एमआयडीसीत पोचेस्तोवर पंचिंगची वेळ टळली, अर्ध्या दिवसाचा खाडा पडला. पाचोरा-जळगाव रेल्वे पासाबद्दल तक्रार नाही, तो परवडतो. खिसा कापला जातो तो स्टेशन ते कंपनी रिक्षात. सीटा भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही, आणि जळगावचं ऊन तर ठाऊकच आहे.

साहेबांकडे प्रवासभत्त्याचा विषय काढला. म्हणे, "तुम्ही पाचोऱ्याला राहता, त्यात कंपनीचा काय दोष?" बरोबर आहे हो. जळगावात खोलीभाडं सुटेल एवढा पगार द्या, उद्याच बिऱ्हाड हलवतो!

ईएसआय (कामगार राज्य विमा) कायद्यात २०१० साली कलम ५१-ई आलं. घर ते काम जाता-येता अपघात झाला आणि नोकरीशी संबंध सिद्ध झाला, तर तो कामामुळेच झालेला धरतात. म्हणजे हातपाय मोडले तर प्रवास कामाचा, धडधाकट पोचलो तर आमचा खासगी!

प्रवासाचा सगळा वेळ पगारात धरा, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर जवळ राहणाऱ्यालाच आधी घेतील आणि गावाकडच्या पोरांच्या तोंडाला पानं पुसतील. स्टेशनवरून शिफ्टच्या वेळेला कंपनीची एक गाडी सोडा, एवढंच मागणं आहे. कोणाच्या कंपनीची बस असेल तर कशी मिळवली ते सांगा रे भो.