क्रोम रॅपचा चारआईना: माझा अनुभव

आमच्या हौशी संस्थेच्या ऐतिहासिक नाटकात एक आदिलशाही सरदार आहे. त्याचं चिलखत ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणायचं नाही, आपणच करायचं, असं तालमी सुरू झाल्या तेव्हाच ठरलं. भाड्याच्या चिलखताला बहुतेक वेळा चंदेरी रंग मारलेला असतो आणि पहिल्या चार-पाच रांगांना तो रंगच दिसतो. मला पोलाद दिसायला हवं होतं. म्हणून गाड्यांना लावतात ती क्रोम रॅप फिल्म, म्हणजे आरशासारखी चकाकणारी चिकट प्लास्टिक फिल्म, घेतली. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीपर्यंत त्यातून जे समजलं ते इथे मांडते आहे. वेशभूषा करणाऱ्या बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

सगळ्यात आधी चिलखताचा प्रकार पक्का केला. चारआईना म्हणजे लोखंडी कड्यांच्या चिलखतावर बांधायच्या चार पोलादी पाट्या: छातीवर एक, पाठीवर एक आणि दोन्ही बगलांखाली एकेक. बगलेच्या पाट्या हाताला वाव मिळावा म्हणून वरून अर्धगोल कापलेल्या असतात. इराणी धाटणीचा हा प्रकार मुघलांकडे होता तसाच दख्खनेतही होता, त्यामुळे विजापूरच्या सरदाराच्या अंगावर तो शोभतो. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय इथे जुनी शस्त्रं आणि चिलखतं बघायला मिळतात. हे काम करायचं असेल तर नुसत्या फोटोंवर जाऊ नका. पाटीची कड किती जाड आहे, खिळ्याचं डोकं केवढं आहे, हे समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

चारआईना निवडण्यामागे फिल्मचाही विचार होता. गाड्यांना रॅप करणाऱ्या दुकानात कटपीस घ्यायला गेले, तेव्हा तिथल्या कारागिराने हातातला तुकडा दाखवत सांगितलं, "ताई, हा क्रोम आहे. साध्या कलर विनाइलसारखा ओढायला जाऊ नका. जास्त ओढला की पांढरा पडतो, मग काही करता येत नाही." त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. या फिल्ममध्ये आरशासारखा धातूचा अगदी पातळ थर असतो. खालचं प्लास्टिक ताणलं जातं, तो थर तेवढा ताणला जात नाही. त्यात बारीक भेगा पडतात आणि चकाकी धुरकट होते. हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) जास्त वेळ एका जागी धरली तरी तेच होतं.

म्हणजे एकाच दिशेने वळलेल्या पृष्ठभागावर, नळकांड्यावर किंवा शंकूवर, फिल्म न ताणता बसते. दोन्ही दिशांनी फुगलेल्या आकारावर ती ताणावीच लागते. चारआईन्याच्या पाट्या पहिल्या जातीतल्या आहेत. मस्क्युलर छातीचं रोमन कवच करायचं असतं तर मी क्रोमचं नाव काढलं नसतं.

पाट्यांना 3 मिमीचा सनबोर्ड, म्हणजे हलका प्लास्टिकचा बोर्ड, वापरला. ईव्हीए फोम (मऊ, रबरासारखा फोम) हलका आणि अंगाला सुखाचा, पण त्याची वरची छिद्रं कितीही बुजवली तरी बारीक दाणा राहतो आणि क्रोम तो दाणा दाखवल्याशिवाय राहत नाही. सनबोर्ड कापून हीट गनने दोन्ही बाजूंनी सावकाश गरम केला, मऊ पडल्यावर पाण्याच्या पिंपावर दाबून धरला आणि थंड होईपर्यंत सोडला नाही. वळण आधी, फिल्म नंतर, हा क्रम उलटा चालत नाही. फिल्म लावून मग वळवलं की आतल्या अंगाला सुरकुत्या पडतात.

खरा वेळ गेला तो पृष्ठभाग गुळगुळीत करण्यात, आणि तो जायलाच हवा. ओल्या पॉलिश पेपरने घासलं, आधी 400 नंबरच्या, मग त्याहून बारीक 800 च्या. ओरखडे आणि खड्डे गॅरेजवाले वापरतात त्या लांबीने (पुट्टीने) भरले, पुन्हा घासले. कडा काटकोनी ठेवल्या नाहीत, हलक्या गोल केल्या, कारण धारदार कडेवर फिल्म पुढे फाटते. तपासायची पद्धत सांगते. खोलीत अंधार करून टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा. हाताला लागत नाही तो उंचवटाही सावली टाकतो. सावली दिसली की पुन्हा पॉलिश पेपर घ्यायचा. रंग दोष थोडेफार झाकतो. क्रोमखाली धुळीचा एक कण राहिला तर त्याच्याभोवती वाटाण्याएवढा फुगवटा दिसतो.

त्यामुळे फिल्म लावायच्या दिवशी फरशी ओल्या फडक्याने पुसली, पंखा बंद केला, लोकरीचं काही अंगावर ठेवलं नाही. पाट्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून घेतल्या. डिसेंबरच्या सकाळी फिल्म कडक असते, गोंदही नीट धरत नाही, म्हणून हे काम भर दुपारी केलं. फिल्मला 5 फुटी पन्हा असतो. सगळे तुकडे एकाच दिशेने कापले, नाहीतर शेजारशेजारच्या पाट्यांची झळाळी वेगळी दिसते. चारी बाजूंनी बोटभर जास्त ठेवायचं. मागचा कागद एका कडेने थोडासाच सोडवायचा, मधल्या रेषेवर फिल्म टेकवायची आणि तिथून बाहेरच्या दिशेने स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायची चपटी पट्टी) फिरवत जायचं. स्क्वीजीच्या कडेला फेल्ट (मऊ नमद्याचं कापड) हवंच. नुसत्या प्लास्टिकने ओरखडे उठतात आणि क्रोमवरचा ओरखडा पुसला जात नाही. फिल्मवर वरून पारदर्शक संरक्षक थर असेल तर तो शेवटपर्यंत काढू नका.

बगलेच्या अर्धगोलाला आत वळवायच्या भागात एकमेकींच्या जवळ चिरा दिल्या, पण चिरा कडेपर्यंत न्यायच्या नाहीत, थोडं आधीच थांबायचं. वळवलेल्या पट्टीवर मागून हलकी उष्णता देऊन दाबलं, मग आतून लाल मखमलीचं अस्तर चिकटवलं. अस्तराने कडा धरून ठेवल्या आणि पाटी अंगाला घासायचीही थांबली. कडेचं कोफ्तगिरीसारखं (पोलादावर सोन्याची तार ठोकून करतात तसं) नक्षीकाम नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून सोनेरी विनाइलमध्ये मशीनवर कापून घेतलं. जुन्या पाट्यांवर अशीच वेलबुट्टी असते.

शिरस्त्राण मात्र घुमटाकार. त्यासाठी ईव्हीए फोमच्या आठ पाकळ्या कापून कडेला कडा जोडल्या. पाणी घातलेल्या फेविकॉलचे हात देऊन, घासून, दाणा शक्य तितका बुजवला. फिल्म एकसंध न लावता प्रत्येक पाकळीवर वेगळी लावली. एका पाकळीपुरता फुगवटा थोडा असतो, तेवढा थोड्या उष्णतेने जुळून येतो. सांध्यांवर सोनेरी पट्ट्या बसवल्या. खऱ्या शिरस्त्राणांवरही अशा उभ्या पट्ट्या बघायला मिळतात, त्यामुळे जोड झाकल्यासारखा वाटत नाही.

सगळं घरी झकास दिसत होतं. रंगीत तालमीत प्रकाशयोजनाकाराने आधीच सुचवलं होतं तसं घडलं. आरसा समोरचं दाखवतो, आणि रंगमंचावरच्या नटाच्या समोर अंधारं प्रेक्षागृह असतं. छातीची पाटी मधोमध काळी दिसली आणि कडेला स्पॉटचा एक डोळे दिपवणारा ठिपका. पोलाद असं दिसत नाही. घासलेलं जुनं पोलाद प्रकाश पसरवतं. म्हणून छाती आणि पाठीच्या मोठ्या पाट्यांवर सॅटिन क्रोम, म्हणजे मंद चकाकीचा क्रोम, घेतला, आरशासारखा क्रोम फक्त बगलेच्या पाट्या, शिरस्त्राण आणि खिळ्यांच्या डोक्यांपुरता ठेवला. नक्षीच्या खाचांत पातळ काळा अ‍ॅक्रेलिक भरून लगेच पुसून घेतला. आता सरदार वळला की बगलेच्या पाटीत त्याच्याच लाल शेल्याचा रंग हलतो, आणि अंगावरचं लोखंड जड वाटतं. मला हेच हवं होतं. रंगमंचासाठी संपूर्ण अंगभर आरसा क्रोम वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फोटो काढण्यापुरता पोशाख असेल, समोर उजेड आणि आकाश असेल, तर गोष्ट वेगळी.

खालचं कड्यांचं चिलखत सुतळी जाड सुयांवर विणून, आधी काळा आणि वरून ओझरता चंदेरी फवारा मारून केलं. झगझगीत पाट्यांशेजारी ते मुद्दाम मळकट ठेवलं आहे.

वाहतुकीचंही बघावं लागतं. टेम्पोत उन्हात पाट्या ठेवल्या तर सनबोर्ड मऊ पडून वळण बदलतं. प्रत्येक पाटी जुन्या मऊ धोतरात गुंडाळून उभी ठेवतो, एकीवर एक रचत नाही. पुसायला ओलं सुती फडकं पुरतं, थिनर कधीही नाही.

तलवारीला आणि ढालीच्या कडेला मी ही फिल्म लावली नाही. ज्या वस्तू एकमेकींवर आपटतात त्यांच्यावर ती एका प्रयोगात सोलते. तलवारीचं पातं अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचं, धार बोथट करून, पॉलिश केलेलं आहे.