गोडा मसाला: दगडफुलाचं प्रमाण वाढवून पाहिलं

या खेपेला हिशेब पाव किलो धण्यांवर बसवला. सुकं खोबरं ७५ ग्रॅम, तीळ ५०, जिरं २५. लवंग, दालचिनी, मिरी, शहाजिरं, नागकेशर, तमालपत्र, बदामफूल प्रत्येकी ५. मिरच्या नावापुरत्या. हिंगाचा खडा तेलात फुलवून घेतला. दगडफूल मात्र वेगळं परतून वेगळं दळलं, कारण मसाल्याचे दोन भाग करायचे होते: एकात पाव किलोला ५ ग्रॅम, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट.

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून वाढणारा जीव. तो झाडाच्या सालीवर, खडकावर वाढतो, त्यामुळे पुडीत सालीचे तुकडे आणि बारीक माती हमखास असते. ताटात पसरून एकेक पाकळी उलटून पाहावी लागते. कच्चं हुंगलं तर जेमतेम मातकट वास. चमचाभर तेलात मंद आचेवर टाकलं की आधी मऊ पडतं, मग कडा कुरकुरीत होतात आणि एकदम तो लाकडी, किंचित धुरकट वास सुटतो. तेवढ्यात उतरवायचं. आणखी राहिलं तर कडवट होतं.

खोबरं किसून कोरडंच भाजलं, बदामी रंगाच्याही पुढे, पार तपकिरी होईपर्यंत. मसाल्याचा काळपट रंग पुष्कळसा इथूनच येतो. सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळलं. खोबरं आणि तीळ शेवटी, धण्यांच्या भरडीत मिसळून, मिक्सर थांबवत थांबवत फिरवले. एकटे फिरवले की तेल सुटून गोळा होतो.

आठवडाभर बरणीत मुरू दिला आणि एकाच वरणाचे दोन वाटे करून चिंच-गुळाची आमटी केली. दुप्पटवाल्या आमटीला वास जबरदस्त, पण चिंच-गूळ मागे पडले. आमटीत ते पुढे हवेत, असं माझं ठाम मत आहे. तोच मसाला भरल्या वांग्यात घातला तेव्हा मात्र कमाल झाली! दाण्याच्या कुटाचा आणि खोबऱ्याचा जडपणा त्यानं छान पेलला. मसालेभातालाही तोच वापरणार.

पुढच्या खेपेला दगडफूल ७ ग्रॅम, लवंग ४ आणि बाकी सगळं असंच. वेलदोडे घालायचे की नाही ते अजून ठरत नाहीये. तुम्ही घालत असाल तर सालीसकट दळता की नुसते दाणे?