चाळिशीचा चष्मा आणि उजवीकडच्या पाच रेघा

आज चाळिशीचा चष्मा आणायला गेले. भिंगातून स्वतःचाच चेहरा नीट दिसला आणि म्हटलं, नव्हता दिसत तेच बरं होतं! डाव्या डोळ्याच्या कडेला तीन सुरकुत्या, उजव्या कडेला पाच. बसमध्ये वर्षानुवर्षं उजव्या खिडकीशी बसते, त्याचंच हे असावं. काच लावली तरी उन्हातले सुरकुत्या पाडणारे यूव्हीए किरण बरेचसे आत येतातच.

संध्याकाळी भाचीला फोन लावला. ती त्वचारोगतज्ज्ञ.

"मावशी, आधी डोळे चोळणं बंद कर."

हिला फोनवर दिसतं की काय! मी तेव्हा चोळतच होते.

पापणीची त्वचा म्हणे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात तेलग्रंथी कमी, म्हणून ती लवकर कोरडी पडते. आणि मी इतकी वर्षं काजळ पदराने खसाखसा पुसतेय. आता खोबरेल लावलेला कापूस क्षणभर ठेवून अलगद टिपायचं. क्रीम मुगाच्या दाण्याएवढं, तेही अनामिकेने, कारण त्या बोटाचा जोर कमी. दिवसा झिंक ऑक्साइडवालं एसपीएफ ३० सनस्क्रीन, शिवाय गॉगल. रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्यांवरचं अ जीवनसत्त्वाचं औषध, सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री, पापणीवर नाही, खालच्या हाडावर. (गरोदर असाल तर अजिबात नाही.) लिंबाचा रस डोळ्यांजवळ नेलास तर बघ, ही धमकी वेगळी.

"आणि आहेत त्या रेघा जातील का गं?"

"फिकट होतील. पुसल्या जाणार नाहीत."

मग काकडीच्या दोन चकत्या डोळ्यांवर ठेवून पडले. पाच मिनिटांत लेकाने त्या उचलून मीठ लावून खाल्ल्या.