पीटर ग्रीनचा पोकळ टोन: चुंबक उलटला, आता खरं काम व्हॉल्यूमच्या नॉबचं

लेस पॉल घाटाच्या इलेक्ट्रिक गिटारवर पीटर ग्रीनची, म्हणजे फ्लीटवुड मॅक या ब्रिटिश बँडच्या पहिल्या म्होरक्या गिटारवादकाची, गाणी बसवण्याचं काम कुठवर आलंय, त्याची ही नोंद. त्याच्या पोकळ टोनसाठी पिकअपचं (तारेची कंपनं पकडणाऱ्या चुंबक-कॉइलच्या संचाचं) काम उरकलं. ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ बसलंय, ‘अल्बट्रॉस’ अर्ध्यावर आहे, ‘ओह वेल’ला नुसता हात लावलाय.

ग्रीनचा भराचा काळ जेमतेम चार वर्षांचा. १९६६ मध्ये तो जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडमध्ये एरिक क्लॅप्टनच्या जागी आला, १९६७ मध्ये त्यांचा ‘अ हार्ड रोड’ हा अल्बम आणि त्याच वर्षी फ्लीटवुड मॅक. मे १९७० मध्ये तो तिथूनही बाहेर पडला. स्वतः म्होरक्या असून बँडला नाव दिलं ड्रमर आणि बेसिस्टचं. वाजवतानाही हाच स्वभाव दिसतो: सूर मोजके, मधल्या जागा मोकळ्या.

त्याच्या १९५९ च्या लेस पॉलचा नेक पिकअप (गिटारच्या मानेकडचा) उलटा बसवलेला दिसतो, स्क्रूची रांग ब्रिजकडे, म्हणजे तारांच्या टेकूकडे, जिथे दुसरा पिकअप असतो. पोकळ टोन त्यातूनच येतो असं समजून अनेक जण पिकअप नुसता फिरवून बसवतात आणि काहीच बदललं नाही म्हणून वैतागतात. बदलणारच नाही! पिकअप आख्खा फिरवला की कॉइल आणि चुंबक दोन्ही सोबत फिरतात, फेज (दुसऱ्या पिकअपच्या तुलनेत सिग्नलची दिशा) आहे तीच राहते. उलटायचा असतो तो आतला चुंबक.

तारा सैल करून नेक पिकअप बाहेर काढा. कव्हर असेल तर ते खालच्या पत्र्याला दोन बाजूंनी डाख देऊन बसवलेलं असतं, तो डाख आधी सोडवा. पत्र्याखालचे चार स्क्रू पूर्ण काढू नका, नुसते ढिले करा. चुंबकाची पट्टी दोन कॉइलच्या मधे सरकते. बाहेर काढण्याआधी तिच्या एका लांब कडेवर मार्करने खूण करा. या पट्टीचे ध्रुव लांब कडांवर असतात, टोकांना नाही. म्हणून पट्टी टेबलावर सपाट ठेवून अर्धा फेरा फिरवली, किंवा लांबीच्या अक्षावर पालथी केली, तरच ध्रुव बदलतात. एका टोकाला धरून उलटीपालटी केली तर खुणेची कड जिथल्या तिथेच राहते आणि मेहनत वाया. आधी खूण स्क्रूच्या कॉइलकडे होती ना, ती आता दुसऱ्या कॉइलकडे दिसली पाहिजे. पिकअप मेणात बुडवलेला असेल तर पट्टी चिकटून बसते; हेअर ड्रायरने थोडं ऊबवा, पण स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. कॉइलची तार केसासारखी असते, एकदा तुटली की पिकअप गेला.

चुंबकाला हात न लावता नेक पिकअपच्या दोन वायरी आलटून पालटून जोडता येतात, पण वायर चार पदरी असेल तरच. जुन्या पद्धतीच्या जाळीदार वायरीत जाळी म्हणजेच अर्थिंग. ती उलट जोडली की कव्हर सिग्नलला लागतं आणि हात लावताच घूं सुरू होतं.

आता टोन. एकेकटा पिकअप पूर्वीसारखाच वाजतो, फरक ऐकू येतो तो फक्त स्विच मधे ठेवल्यावर, म्हणजे दोन्ही पिकअप एकदम चालू असताना. तारेची खालची कंपनं दोन्ही पिकअपना जवळजवळ सारखीच लागतात, म्हणून ती एकमेकांना खातात. वरच्या स्वरकंपनांचं तसं होत नाही, ती टिकतात. दोन्ही व्हॉल्यूम १० वर असले तर आवाज चपटा, नाकातला आणि लहान. बहुतेक जण इथेच थांबतात आणि नाराज होतात. नेक १० वर ठेवून ब्रिज ८ ते ७ पर्यंत उतरवा: खर्ज परत येतो, पोकळपणाही राहतो. मग उलटं, ब्रिज १० आणि नेक खाली, करून पाहा. हा जास्त टोकदार. नेहमीच्या वायरिंगमध्ये एक नॉब शून्यावर गेला की दोन्ही पिकअप गप्प होतात, त्यामुळे ३ च्या खाली जाऊ नये. आवाज उतरेल तो अॅम्पने भरून काढा, डिस्टॉर्शनने नाही.

‘ब्लॅक मॅजिक वुमन’ (१९६८) सांतानाच्या १९७० च्या आवृत्तीमुळे ओळखीचं, पण मूळ ग्रीनचं. डी मायनरमधले बारा बार (आवर्तनं): डीएम (डी मायनर कॉर्ड; एएम, जीएम तसेच) दोन, एएम दोन, डीएम दोन, जीएम दोन, मग डीएम, एएम आणि डीएम दोन. शेवटी चाल शफलमध्ये (झोके घेणाऱ्या ठेक्यात) पलटते, तिथे ड्रमरला आधीच सांगून ठेवा. सोलोत तिसऱ्या तारेचा बारावा फ्रेट पूर्ण सूर ताणला की ‘ए’ मिळतो. दुसऱ्या तारेच्या दहाव्या फ्रेटशी ताडून पाहा. हा ताण (बेंड) थोडा कमी पडला की इतक्या रिकाम्या गाण्यात तो लगेच उघडा पडतो.

‘अल्बट्रॉस’ १९६९ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. कॉर्ड ई आणि एफ शार्प मायनर यांच्यात झुलतात. ई ला सा मानलं तर धून बहुतांशी भूपाच्याच पाच स्वरांत आहे, मात्र भूप समजून वाजवू नये. इथे गांधारावर बसणं नाही, नुसतं तरंगणं आहे. मींड घेताना बोटाचा दाब वाटेत सुटला तर सूर मधेच मरतो. बँडमधल्या डॅनी कर्वनची दुसरी गिटार जोडीला आल्याशिवाय हे गाणं उभं राहत नाही, आमचं अडलंय ते तिथेच. ड्रम्सवर काड्या नकोत, मऊ डोक्याचे मॅलेट हवेत. पोकळ टोनची इथे गरज नाही. नेक पिकअप, टोन ५ च्या आसपास, रिव्हर्ब (घुमारा) भरपूर.

‘ओह वेल’चा (१९६९) रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) बोटांना चटकन बसतो. अडचण येते ती गायन सुरू झाल्यावर, कारण साथ थांबते आणि ठेका कुणीच वाजवत नाही. पायाने मोजत राहायचं, नाहीतर साथ पुन्हा सुरू करताना सगळे एकाच वेळी येत नाहीत. सिंगलच्या मागच्या बाजूला असलेला दुसरा भाग नायलॉनच्या तारांचा. तो सवडीने, वेगळ्या गिटारवर. त्याआधी ग्रीनचंच ‘ग्रीन मॅनलिशी’ हे गाणं घेतोय.