प्रश्न क्रमांक १४

त्या दिवशी माझ्याकडे दोन मतदान केंद्रांच्या याद्या होत्या. सकाळी जुळे सोलापूर आणि दुपारी कुंभारीजवळची गोदूताई परुळेकर वसाहत. २०२५ चा ऑगस्ट होता, नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. पाऊस नव्हता, पण ढग दाटलेले आणि जिवाची नुसती घालमेल.

गेली नऊ वर्षं मी सर्वेक्षणाचं काम करते. मतदार यादीतलं ठरवून दिलेलं नाव शोधायचं, दार वाजवायचं, टॅबवरचा प्रश्न छापल्याबरहुकूम वाचायचा आणि मिळेल ते उत्तर नोंदवायचं. ज्याचं नाव निघालं त्यानंच उत्तर द्यायचं. नवरा, मुलगा, शेजारीण कुणी मध्ये बोललं तरी ते धरायचं नाही. आपल्या आवाजात होकार किंवा नकार डोकावू द्यायचा नाही. हे नियम मला मनापासून पटतात. ज्या बाईला घरात कुणी मत विचारत नाही, तिला मी विचारते आणि ती म्हणेल तेच लिहिते. या कामात मला सगळ्यात जास्त मोलाचं हेच वाटतं.

या फेरीत चौदावा प्रश्न नवा होता. एका माणसाला आमदार किंवा खासदार म्हणून किती वेळा निवडून येता येईल, यावर कायद्यानं मर्यादा असावी का? असावी, नसावी, सांगता येत नाही. तीनच पर्याय. 'असावी' म्हटलं की दोनदा की तीनदा, एवढा उपप्रश्न.

आपल्याकडे अशी मर्यादा नाही. वयाची २५ वर्षं पूर्ण झाली की विधानसभा, लोकसभा कितीही वेळा लढवता येते. मर्यादा आणायची तर घटनादुरुस्ती लागेल आणि ती करणार तेच, ज्यांना घरी बसावं लागेल. अमेरिकेतही घोडं तिथंच अडलंय. तिथल्या तेवीस राज्यांनी आपापल्या खासदारांवर मर्यादा घातल्या होत्या. १९९५ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या रद्द केल्या, घटना बदलल्याशिवाय हे करता येणार नाही म्हणून. २०२३ मध्ये प्यू रिसर्च सेंटरनं तिथल्या लोकांना विचारलं, तर ८७ टक्के लोक मर्यादा हवी म्हणाले. आणि निवडणुकीला मात्र तिथल्या कनिष्ठ सभागृहातले पुन्हा उभे राहणारे बहुतेक सगळे परत निवडून येतात. हे वाचल्यापासून या प्रश्नावर माझा मनातून विश्वास बसत नव्हता. तरी माझं स्वतःचं उत्तर 'असावी' असंच होतं, हेही सांगते.

जुळे सोलापुरात सकाळ पटापट गेली. लोक प्रश्न पुरा होऊ देत नव्हते, 'असावी, असावी, लिहा.' एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले काका मात्र सावकाश बोलले. म्हणाले, "आमच्या संचालकांना सलग आठच वर्षं बसता येईल असा कायदा २०२० ला झाला. आता याच १ ऑगस्टपासून त्याची दहा वर्षं केली. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्याला मुदत लागते, मग राज्य सांभाळणाऱ्याला का नको?" मला ते पटलं. त्यांच्या समोरच्या दारातल्या वहिनी ओल्या हातानंच बाहेर आल्या. त्यांचा सूर वेगळा होता. "मुदतीचं काय घेऊन बसलात? आमच्या वॉर्डाला २०२२ च्या मार्चपासून नगरसेवकच नाही, प्रशासक आहे. गटारीचं सांगायला जायचं कुणाकडे? आधी माणूस तर द्या, मग त्याची मुदत ठरवू." मी 'सांगता येत नाही' दाबलं, कारण तेवढंच दाबता येत होतं. टोचलं ते तिथंच पहिल्यांदा.

मग भेटले सांगोल्याचे आजोबा. मुलाकडे राहायला आलेले, नाव इथल्या यादीत लावून घेतलेलं. प्रश्न ऐकून ते खाटेवर ताठ बसले.

"पोरी, आमच्या आबांना आम्ही अकरा वेळा निवडून दिलंय."

सोलापूर जिल्ह्यात 'आबा' म्हटल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. गणपतराव देशमुख. १९६२ ला पहिल्यांदा आमदार, २०१४ ला अकराव्यांदा, मतदारसंघ एकच सांगोला आणि पक्ष एकच शेकाप.

"तुमचा कायदा असता तर आबा दोन वेळातच घरी. चालंल का?"

मी नियमाप्रमाणे गप्प राहिले.

"आणि आम्ही काय डोळे झाकून दिलं होय? ७२ ला पाडलं. ७४ च्या पोटनिवडणुकीत परत आणलं. ९५ ला पुन्हा पाडलं, ९९ ला पुन्हा आणलं. मर्यादा आमच्या हातात हाय. कायद्याच्या हातात कशाला द्यायची? नसावी लिही, आणि ठळक लिही."

दुपारी गोदूताई वसाहतीत पोचले. विडी कामगार बायकांची ही सुमारे दहा हजार घरांची वसाहत. २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग घरांच्या हस्तांतरासाठी आले होते. उंबऱ्याउंबऱ्यात सूप मांडून बायका बसलेल्या, आणि गल्लीभर तंबाखूचा तो कडवट वास, जो संध्याकाळी आपल्या ओढणीलाही येतो.

यादीतलं नाव एका सत्तरीच्या बाईंचं होतं. सगळे त्यांना अव्वा म्हणत होते, मीही तेच म्हटलं. घरात बोलणं तेलुगूत, माझ्याशी मराठीत. मुलगा दारातूनच म्हणाला, "तिला काय कळतंय मॅडम, 'असावी' टाका." मी त्याला हात जोडून सांगितलं, नाव अव्वांचं निघालंय, उत्तरही त्यांचंच लागेल. तो तोंड वाकडं करून निघून गेला. अव्वांनी सूप थोडं बाजूला ओढून मला बसायला जागा केली.

त्यांचे हात थांबले नाहीत. भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, अंगठ्याखाली एक वळसा, टोक नखानं आत दाबायचं, दोरा. पंचवीस झाल्या की बंडल. तेरा प्रश्न असेच झाले. चौदावा वाचला आणि दोरा तोंडात धरूनच त्यांनी विचारलं,

"दोन वेळा म्हणजे किती वर्सं?"

"दहा, अव्वा."

"दहा वर्सात हे घर झालं नसतं." त्यांनी भिंतीवर हात आपटला. "किती मोर्चे, किती वेळा मुंबई. पोरं कडेवर घेऊन जायचो. आमचे लाल बावट्याचे आडम मास्तर आमदार होते तेव्हा पण पळाले, पडले तेव्हा पण पळाले. काम लांबचं असलं तर माणूस पण लांब टिकायला लागतोय."

"मग 'नसावी' लिहू?"

"तसं कुठं म्हणले मी?"

कात्री खाली ठेवली. तेवढ्या वेळात हात थांबले ते पहिल्यांदाच. "मी लगीन होऊन आले तवापासून मत टाकते. तीच घरं, तीच आडनावं. आज बाप. तुमचं दोन वेळा झालं की तो उतरणार, मग पोरगा. त्याचं दोन वेळा, मग सून. गादी घरातच. माझी सून बारावी शिकली, बचत गट चालवते, पन्नास बायकांचा हिशेब तोंडपाठ. तिला तिकीट कोण देणार? ते कुठं विचारलंय तुमच्या ह्याच्यात?"

कुठंच विचारलेलं नव्हतं.

मी टॅब मांडीवर ठेवला आणि विचारलं, "मग तुमचं म्हणणं काय लिहू? तुमच्याच शब्दांत सांगा."

त्यांनी सुपातल्या चार-पाच विड्या वेचून बाजूला टाकल्या. छाट. कारखान्यात या घेत नाहीत, मजुरी बुडते. म्हणाल्या, "एका घरातनं एका वेळी एकच. बाप असंल तर पोरगा नको, नवरा असंल तर बायको नको. बाप उतरला की लगेच पोराला पण नको, मधी एक डाव बाहेरच्याला. एवढं केलं तर माणूस पाच वेळा निवडून येऊ दे, माझं काय म्हणणं नाही. वाईट असला तर पाडू की आम्ही. पण पाडायला समोर दुसरा कोण तरी उभा पाहिजे का नको?"

सकाळचे आजोबा आठवले. मर्यादा आमच्या हातात हाय, म्हणाले होते ते. अव्वांचंही तेच म्हणणं होतं, फक्त एक पायरी आधीचं: हात मोकळा असला तरी यंत्रावर बटण कुणाकुणाचं आहे ते पाहा. आणि सकाळभर घाईघाईनं 'असावी' म्हणणाऱ्यांच्या मनातही कदाचित हेच असेल. मी ते विचारलं नाही, कारण मला तीनच बटणं दिली होती.

टॅब पुढे सरकेना. तिन्हींपैकी एक दाबल्याशिवाय पंधरावा प्रश्न उघडत नाही. मी गल्लीत येऊन सुपरवायझरांना फोन केला. ते घाईत होते. "'सांगता येत नाही' टाका आणि पुढं चला."

"सर, त्यांनी सांगितलंय. आज सगळ्यात नीट त्यांनीच सांगितलंय."

"मॅडम, मोकळ्या उत्तरांचा तक्ता होत नाही. मग 'असावी' धरा, मर्यादाच मागतायत ना त्या?"

सकाळी वहिनींच्या दारात मी हेच केलं होतं. या वेळी माझ्यानं होईना. आत जाऊन अव्वांना तिन्ही पर्याय पुन्हा वाचून दाखवले. यातला एकच घ्यावा लागतो, तुम्ही म्हणाल तो दाबते, असं सांगितलं. त्यांनी तिन्ही नीट ऐकून घेतले आणि मान हलवली.

"ह्यातलं एक पण माझं नाही. नको दाबू."

फॉर्म 'अपूर्ण' म्हणून जमा केला. अपूर्ण फॉर्मचे पैसे मिळत नाहीत, त्याचेही मिळाले नाहीत. अव्वांचं म्हणणं मी माझ्या वहीत त्यांच्या शब्दांत उतरवून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. एका जागी त्यांनी थांबवलं. मी 'बाहेरच्याला' लिहिलं होतं.

"तिथं 'बाहेरच्या बाईला पण' असं लिही," त्या म्हणाल्या, आणि कात्री उचलली.