बसलं की उठवंना

"नको पोरी, बसलं की उठवंना. हुभाच बरा हाय."

इचलकरंजीहून परतताना आज एसटीत एका मामांना जागा देऊ केली, तर हे उत्तर. यंत्रमागावर कामाला. रात्रपाळी करून निघालेले, भुवयांवर कापसाची तूस तशीच. एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्याने सारखा खांदा दाबत होते. पन्नाशीसुद्धा उलटली नसेल.

१२ तास पायांवर. चार-सहा माग एकट्याने बघायचे. धागा तुटला की वाकून गाठ मारायची, कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) संपली की धोट्यात, म्हणजे ती इकडून तिकडे नेणाऱ्या भागात, नवी घालायची आणि लगेच पुढच्या मागाकडे. मजुरी विणलेल्या कापडावर, त्यामुळे कंबर धरून मिनिटभर टेकलं तरी नुकसान स्वतःचंच.

घरी येऊन १९४८ चा कारखाने अधिनियम काढला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली तो. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ व्यवसायजन्य रोग होते. कापसाच्या धुळीने छातीत भरणारा बिसिनोसिस होता, आवाजाने येणारं बहिरेपण होतं. झिजलेले गुडघे आणि कंबर मात्र नव्हते! मग ते 'वयाचं दुखणं' ठरतं. मलम लावा, गोळी घ्या, पाळीवर जा. याचाच फार राग येतो.

त्याच कायद्याचं कलम ४४ सांगायचं, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय करा. लहान शेड तर बहुतेकदा कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावची मंडळी इथे आहेत. मागांच्या मधल्या वाटेत कामगारासाठी ठेवलेलं साधं स्टूल कुणी पाहिलंय का?